सुरीआधीचं पाणी

आमचं घराणं गावच्या मुलाण्याचं. मशिदीची झाडलोट, दिवाबत्ती आणि गावाची बकरी-कोंबडी हलाल करून देणं ही आमच्या बलुत्याची कामं. यात्रेच्या दिवशी हिंदू घरांतूनही बोलावणं यायचं आणि माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, सुरी फडक्यात गुंडाळून निघायचे. पुढे बलुतेदारी संपली, मी शिक्षक झालो. सुरी मात्र घरातच राहिली. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात अम्मीची कोंबडी आजारी पडली, तेव्हा आळीतल्या लोकांनी माझ्याकडे पाहावं यात नवल नव्हतं.

कोंबडी गावरान, तांबडी. दोनदा पिल्लं काढलेली. एका सकाळी खुराडा उघडला तर ती बाहेर आलीच नाही. पिसं फुलवून, मान आत ओढून कोपऱ्यात बसली होती. तुरा फिकट पडला होता. समोर दाणे टाकले तरी डोळा उघडेना. अम्मीनं तिला उचललं आणि पडवीत डालग्याखाली वेगळं ठेवलं. सगळ्यांना भीती होती ती मानमोडीची. या रोगावर औषध नाही. लस आधीच द्यावी लागते, आणि एकदा शिरला की तो खुराडंच्या खुराडं रिकामं करतो.

शेजारचे चाचा डोकावून म्हणाले, "मास्तर, जीव आहे तोवर हलाल करून टाका. मेली तर मुरदार. मग ना तुमच्या कामाची, ना कुणाच्या."

चाचा काही निर्दय माणूस नव्हेत. ते बोलले ते आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून ऐकलेलं आहे. सूरह अल-माइदाच्या तिसऱ्या आयतीत मेलेलं जनावर हराम ठरवलं आहे. पडून, शिंग लागून किंवा हिंस्र पशूच्या तोंडी सापडून जखमी झालेलं जनावर जीव जाण्यापूर्वी जबह केलं तर त्याची मोकळीक दिली आहे. गरिबाच्या घरात ही मोकळीक मोठाच आधार होती. वर्षातून दोन-चारदा मटण पाहणाऱ्यांना एक कोंबडी वाया जाणं परवडत नव्हतं. चाचांचं मला पटलं. मी आत जाऊन सुरी काढली.

अम्मी डालग्यापाशीच बसली होती. सुरीकडे न बघता म्हणाली, "पैले देख तो सही, हुआ क्या उसकू."

एवढंच. पण मी थांबलो. कोंबडीला काय झालंय हे आमच्यापैकी कुणीही पाहिलं नव्हतं. ती आता कुणाच्या कामाची, एवढंच आम्ही पाहत होतो. उपयोग हेच माप धरायचं तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अम्मीचं काय, असं मनात आलं आणि तो विचार मी तिथेच दाबून टाकला. शिवाय चाचांच्या सल्ल्यात एक धोकाही होता. काय झालंय हे ठाऊक नसताना आजारी पक्षी कापणं आणि खाणं आज कुणीही जाणता माणूस योग्य म्हणणार नाही. शरियतनं दिलेली मोकळीक वेगळी आणि आपली घाई वेगळी. आपण पुष्कळदा दुसरीला पहिलीचं नाव देतो.

योगायोगानं पशुवैद्यकीय दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक त्याच दिवशी आळीत एका म्हशीसाठी आले होते. त्यांनी कोंबडीच्या गळ्याखाली हात फिरवला. तिथे अन्नाची पिशवी असते. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. हिची चेंडूसारखी टणक होती. पावसात उगवलेलं लांब, चिवट गवत गिळून ते अडकलं होतं. मानमोडी नव्हती. दाणे बंद करा, कोमट पाण्याचे थेंब द्या, थोडं गोडंतेल द्या आणि पिशवी हलक्या हातानं चोळा, असं त्यांनी सांगितलं. उलटी धरू नका, पाणी श्वासनळीत जाईल, हेही बजावलं.

पुढचे चार दिवस अम्मीचं एकच काम होतं. कोंबडीला फडक्यात गुंडाळून मांडीवर घ्यायची, चोचीच्या कडेनं एकेक थेंब सोडायची आणि दर खेपेला 'बिस्मिल्लाह' म्हणायची. फज्रची नमाज झाली की पहिल्यांदा गळ्याखालची पिशवी चाचपायची. तिसऱ्या दिवशी ती मऊ लागली. चौथ्या सकाळी रिकामी होती. दह्यात कालवलेला मऊ भात पुढे ठेवला, तेव्हा तांबडीनं मान वाकडी करून आधी भाताकडे पाहिलं, मग अम्मीकडे, आणि चोच मारली.

त्या चार दिवसांत मला 'बिस्मिल्लाह' या शब्दानं अस्वस्थ केलं. दादांच्या तोंडून मी तो सुरी चालवताना ऐकला होता; अम्मी तोच शब्द पाणी पाजताना उच्चारत होती. जबह करताना 'बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर' म्हणतात. रहमान आणि रहीम ही नावं त्या क्षणी घेण्याचा रिवाज नाही. लहानपणी याचं कारण विचारलं, तेव्हा दादा म्हणाले होते, "ती नावं आधी घ्यायची असतात, बेटा." मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. आता वाटतं, जनावर पाळलं जातं तो सगळा काळ त्या दोन नावांचा आहे. ज्यानं तो काळ नीट पाळला नाही, त्याच्या हातात सुरी शोभत नाही.

हदीसमध्ये मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची शिक्षा आहे, तसंच तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची माफीही आहे. सुरीला धार असावी आणि जनावराला त्रास होऊ नये, ही ताकीदसुद्धा आहे. म्हणजे दया आणि सुरी यांना आपल्या परंपरेनं वेगवेगळ्या घरांत ठेवलेलं नाही. आपल्याकडे बोट दाखवणाऱ्यांना फक्त सुरी दिसते, ही तक्रार आपण करतो आणि ती खरी आहे. पण आपल्यालाही फक्त सुरीच आठवते का, हा प्रश्न आपला आपण विचारायला हवा.

दया आंधळीही असू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आढळला. भारतातला तो पहिलाच उद्रेक. तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तांबडीला तसा रोग असता तर तिला मांडीवर घेऊन बसणं ही दया ठरली नसती. आळीवर तो अन्याय झाला असता. म्हणून अम्मीचं 'पैले देख' मला मोलाचं वाटतं. मारायचं की जगवायचं हे नंतर, आधी पाहायचं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण दोन महिन्यांनी बहीण आणि मेहुणे आले. कोंबडी कापायची ठरली. मी अंगणात गेलो आणि तांबडीला सोडून काळी धरली. तिला धरताना मनात आलं, हिचा गुन्हा काय? ही आजारी पडली नाही, कुणाच्या मांडीवर बसली नाही, एवढाच. माझी दया ओळखीची होती, न्यायाची नव्हती.

अम्मीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मी खाण्यासाठीच पाळते रे. तांबडीपण कधीतरी जाईल. पण दुखणं आलं म्हणून नाही जाणार."

या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. सगळ्यांवर सारखी माया करणं माणसाच्या आवाक्यातलं नसेल. पण जी माया एकीवर केली तिची आठवण दुसरीला धरताना ठेवणं आवाक्यातलं आहे.

मी काळीला घेऊन पुन्हा पडवीत आलो. तांबडीसाठी वापरलेली वाटी तिथेच होती. ती भरून काळीपुढे धरली. दादा असंच करायचे. ती पाणी पिईपर्यंत सुरी मी पाठीमागेच ठेवली.