पाहणाऱ्याचे अंतर

निसर्गाला हात न लावता तो केवळ पाहिला, म्हणजे आपण निर्दोष ठरतो काय?

अलास्कातील हायडर गावाजवळ फिश क्रीक हा ओढा आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तेथे सॅमन मासे अंडी घालण्यास येतात व त्यांच्यामागोमाग अस्वले. बिऱ्हाडासारख्या सजविलेल्या मोटारींतून आलेले प्रवासी उंच लाकडी मार्गावरून ती शिकार पाहतात. अस्वलाला खाऊ घालावयाचे नाही. कारण माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल बहुधा माणसाच्याच गोळीला बळी पडते. येथे अंतर राखणे हाच सदाचार होय.

तेच प्रवासी पुढे सीवर्डजवळच्या एक्झिट हिमनदीकडे गेले, की हा सदाचार अपुरा पडतो. तेथील वाटेवर सालांच्या पाट्या आहेत. बर्फाची कड १९५१ साली कोठे होती, हे एक पाटी सांगते. आज बर्फ तेथून पुष्कळ मागे हटले आहे. हिमनदीला कोणी स्पर्श केलेला नसतो. पण मोटारींच्या धुरातील कर्बवायू हवेची ऊब वाढवीतच असतो. एका मोटारीने हिमनदी वितळत नाही, हे खरे. परंतु प्रत्येकानेच असे म्हटले, तर दोष कोणाचाच उरत नाही आणि बर्फही उरत नाही.

म्हणून जाऊच नये, असे नव्हे. अस्वलापासून किती दूर उभे राहावे, हे तेथील रक्षक सांगतो. हिमनदीपासूनचे अंतर मात्र घरी परतल्यावर आपल्या राहणीनेच राखावे लागते.