श्रद्धेची सीमा आणि शेजारधर्म

'सर्व धर्म शेवटी एकच' हे वाक्य आपल्याकडे इतक्या सद्भावनेने उच्चारले जाते की त्यावर शंका घेणारा चटकन संकुचित ठरतो. तरीही प्रश्न विचारला पाहिजे: दोन समाजांनी सलोख्याने नांदावे यासाठी त्यांच्या श्रद्धांची सरमिसळ आवश्यक आहे काय?

हा प्रश्न मक्केतही उभा राहिला होता. कुरैशच्या सरदारांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे तडजोड मांडली, असे भाष्यकार सांगतात: एक वर्ष तुम्ही आमच्या दैवतांची उपासना करा, एक वर्ष आम्ही तुमच्या ईश्वराची करू. प्रस्ताव वरकरणी समजूतदार होता. त्याला उत्तर म्हणून सूरह काफिरून अवतरली. तिचा आशय असा की उपासनेत देवाणघेवाण संभवत नाही आणि ज्याचा मार्ग त्याच्यापाशी राहील. या नकारातच दुसऱ्याच्या वेगळेपणाची दखलही आहे.

पुढे मदीनेत नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाशी श्रद्धेवर वाद झाला. ह. ईसा (अ.) यांच्याविषयीचा मतभेद कोणी झाकला नाही. परंतु त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा त्यांना मस्जिदे नबवीतच प्रार्थना करू दिली गेली, अशी नोंद सीरतच्या ग्रंथांत आहे. मतभेद कायम राहिला आणि आदरातिथ्यही कायम राहिले.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. भाषा, पेहराव, अन्न, गीतप्रकार या गोष्टी 'उर्फ' म्हणजे लोकरूढीच्या कक्षेत येतात; शरीअतशी विरोध नसेल तोवर त्या ग्राह्य आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचले. ते १६१६ साली गोव्यात छापले गेले. ओवी स्वीकारली म्हणून त्यांची ख्रिस्तश्रद्धा पातळ झाली नाही. अर्ज, हुकूम, तारीख हे शब्द सामावून मराठीही मराठीच राहिली. अकीदा आणि इबादत यांचे तसे नाही. नवस, सजदा, दुआ ही ज्याला अर्पण करावयाची तो एकच आहे; तेथे वाटेकरी आला की तौहीदच उरत नाही.

आता अवघड भाग. आपल्या अनेक गावांत मोहरमचे पंजे हिंदू-मुस्लिम मिळून बसवतात. पंजाला नवस बोलणे तौहीदला धरून नाही, हे सांगणे इमामाचे कर्तव्यच आहे. परंतु वर्षातून ज्या दिवशी दोन वस्त्या खांद्याला खांदा लावून चालत होत्या, तो दिवस त्या उपदेशाने रिकामा होतो, हेही तितकेच खरे. त्या रिकाम्या जागी आपण काय ठेवतो? काहीच न ठेवता केवळ 'हे करू नका' म्हणणारा अर्धाच दीन सांगतो.

उरलेला अर्धा दीन कुरआनातच आहे. सूरह मुम्तहिनामध्ये, जे तुमच्याशी धर्मावरून लढत नाहीत आणि तुम्हाला घराबाहेर काढत नाहीत, त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास अल्लाह मना करीत नाही, असा निर्वाळा आहे. सूरह अनआममध्ये इतरांच्या आराध्यांना अपशब्द वापरण्यास मनाई आहे. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पोहोचला का, हे त्यांनी आवर्जून विचारले, कारण शेजाऱ्याच्या हक्काविषयी प्रेषितांची (स.) ताकीद त्यांनी स्वतः ऐकली होती. त्या शेजाऱ्याने आधी आपली श्रद्धा सौम्य करावी, अशी अट त्यात नव्हती.

सगळे एकच आहेत म्हणून प्रेम करणे सोपे आहे. समोरचा आपल्यासारखा नाही, होणारही नाही, हे जाणून त्याच्या आजारपणात, दुष्काळात, मयतीत त्याच्या दारी उभे राहणे कठीण आहे. आणि आपल्याकडून अपेक्षा त्याचीच आहे.

अल्लाह आपल्याला श्रद्धेत दृढता आणि वर्तनात मार्दव देवो. आमीन.