वागाडुगूचा पडदा
चित्रपट महोत्सवाची प्रत आपण बहुधा तिथल्या चित्रपटांवरून ठरवतो. बुर्किना फासोच्या राजधानीत, वागाडुगूत, १९६९ पासून भरणाऱ्या ‘फेस्पाको’ला ही फूटपट्टी अपुरी पडते. आफ्रिकेतल्या आणि आफ्रिकेबाहेर विखुरलेल्या आफ्रिकी वंशाच्या दिग्दर्शकांचा हा दर दोन वर्षांनी होणारा मेळावा. तिथे गाजलेले चित्रपट थोडे नाहीत. पण त्याचे खरे महत्त्व एका रोखठोक प्रश्नात आहे. चित्रपट तयार झाला, आता तो लोकांपुढे येऊ द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती?

या प्रश्नाला इतिहास आहे. फ्रेंच वसाहतमंत्री पिएर लाव्हाल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९३४ च्या हुकमाने फ्रेंच आफ्रिकेत चित्रीकरणासाठी सरकारी परवाना सक्तीचा केला. परकी सत्ता आपल्याकडेही होती, तरी १९१३ साली दादासाहेब फाळके मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ काढून तिथेच लावू शकले. फ्रेंच वसाहतींत ती वाट बंद होती. म्हणून पॉलँ सुमानू व्हिएरा आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५५ मध्ये ‘आफ्रिक-सुर-सेन’ हा लघुपट केला तो पॅरिसमध्ये, तिथल्या आफ्रिकी तरुणांवर. म्हणजे परदेशस्थ आफ्रिकी कलावंत या उत्सवात पाहुणे नव्हेत. या सिनेमाची सुरुवात त्यांच्यापासूनही होते. स्वातंत्र्य आले आणि चित्रीकरण मोकळे झाले, पण वितरण ‘कोमासिको’ आणि ‘सेक्मा’ या फ्रेंच कंपन्यांच्याच मुठीत राहिले. त्यांच्याशी बिनसल्यावर १९७० मध्ये अपर व्होल्टाच्या, म्हणजे आजच्या बुर्किना फासोच्या, सरकारने चित्रपटगृहे राष्ट्रीय मालकीची केली. पडद्यावर त्यानंतरही बाहेरचेच चित्रपट अधिक असत, त्यांत हिंदीही. मात्र तिकिटांच्या उत्पन्नातला वाटा देशी निर्मितीच्या निधीकडे वळला. जगातल्या अत्यंत गरीब देशांत गणल्या जाणाऱ्या या देशाने गास्तों काबोरे आणि इद्रिसा ऊद्राओगो यांच्यासारखे दिग्दर्शक दिले. ऊद्राओगो यांच्या ‘तिलाई’ला १९९० मध्ये कान महोत्सवात ‘ग्राँ प्री’ मिळाले. प्रतिभा होतीच, पण तिला लागणारा पैसा आणि पडदा मिळवण्यासाठी कोणीतरी मालकीला हात घालावा लागला.

अटलांटिकपलीकडेही कोंडी हीच होती. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवणारे इथिओपियाचे हैले गेरिमा यांनी अमेरिकेतल्या गुलामगिरीवर ‘सांकोफा’ (१९९३) केला. त्याला वितरक मिळेना, तेव्हा त्यांनी थिएटरे भाड्याने घेऊन तो स्वतःच लावला आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी तो चालवला. प्रेक्षक नाही, हे वितरकांचे कारण तिथे खोटे ठरले. फेस्पाकोने २००९ मध्ये याच गेरिमांच्या ‘तेझा’ला आपला सर्वोच्च पुरस्कार, ‘येनेंगाचा सुवर्णअश्व’, दिला.

यावर पहिला आक्षेप असा, की पन्नासहून अधिक देशांना ‘आफ्रिकी’ या एका शिक्क्याखाली आणणे म्हणजे त्यांना वेगळ्या वाड्यात बसवणे. एकच शैली, एकच दुःख अशी अपेक्षा त्या शिक्क्यामागे असती, तर आक्षेप मान्य करावा लागला असता. पण पॅरिसमध्ये जन्मलेले आलँ गोमी इथे दोनदा, २०१३ आणि २०१७ मध्ये, जिंकले. २०२१ चा मान जिबूतीत चित्रित झालेल्या आणि मोगादिशूत जन्मून पुढे फिनलंडला गेलेल्या खादर आयदेरूस अहमद यांच्या चित्रपटाला मिळाला. २०२३ मध्ये ट्युनिशियाचा ‘अश्काल’ आला. यांना बांधणारा धागा शैलीचा नाही, बाजारातल्या समान अडचणीचा आहे. समान अडचण असलेल्यांनी संघटित होणे याला आपण एरवी कोंडवाडा म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. पडद्यावरच्या हक्काची भाषा करणारा हा उत्सव सरकारी आश्रयाने आणि बराचसा युरोपीय मदतीने चालत आला. मग हक्क कोणाचा? शिवाय उत्सव टिकला, पण पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक शहरांतली चित्रपटगृहे बंद पडली. येनेंगा ही मोसी लोककथेतली घोडेस्वार राजकन्या. तिच्या नावाचा सर्वोच्च पुरस्कार २०२५ पर्यंत एकाही स्त्री-दिग्दर्शकाला मिळालेला नाही. ही उणीव किरकोळ मानून चालणार नाही. मात्र तिने मूळ युक्तिवाद मोडत नाही, उलट पक्का होतो. फेस्पाकोला आपण जाब विचारू शकतो तो त्यानेच पुढे आणलेल्या कसोटीवर: निवड कोण करते, पैसा कोणाचा, आणि उत्सव उठल्यावर चित्रपट कुठे लागतो?

म्हणून लंडन असो, न्यूयॉर्क असो वा वागाडुगू, अशा उत्सवाचे यश मानचिन्हांवर किंवा तेवढ्या दिवसांच्या गर्दीवर मोजू नये. त्याने किती चित्रपटांना वर्षभर चालणारे पडदे मिळवून दिले आणि निर्मितीकडे तिकिटाचा पैसा परत वळवणाऱ्या किती व्यवस्था उभ्या करायला लावल्या, हे पाहावे. १९७० चा निर्णय पुढे टिकवता आला नाही, पण त्याची दिशा चुकीची नव्हती. उत्सवाने नुसता गौरव करून थांबू नये, वितरणाच्या वाटाघाटीत बसावे, एवढाच त्याचा अर्थ.