सोडून द्यायच्या माशाचं वजन

मासळी बाजारात माशाचं वजन का करतात, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. किलोचा भाव ठरलेला असतो. काटा बघायचा, पैसे द्यायचे. पण ज्याने हौसेखातर गळ टाकलाय, ज्याला मासा विकायचा नाही, खायचाही नाही, उलट दोन मिनिटांत परत पाण्यात सोडायचाय, त्याने वजन का करावं? बाहेरून बघणाऱ्याला हा वाद किरकोळ वाटेल. मला वाटत नाही. आपल्याला एक आकडा मिळावा म्हणून दुसऱ्या जिवाने किती सोसायचं, असा प्रश्न त्यात आहे.

आधी सोसणं म्हणजे काय ते बघू. माशाचे कल्ले म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत. पाण्यात ते पापुद्रे सुटे राहतात. मासा बाहेर काढला की ते ओल्या कागदांसारखे एकमेकांना चिकटतात आणि श्वास जवळजवळ थांबतो; तोही गळाशी झुंजून दमछाक झालेली असताना. तुम्ही चार जिने धावत चढून आलात आणि वर कोणीतरी तुमचं नाक-तोंड दाबून धरलं, तर कसं होईल?

१९९२ साली कॅनडातल्या फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी रेनबो ट्राउटवर हे तपासलं. नुसते दमवलेले मासे बारा तासांनी ८८ टक्के जिवंत होते. दमवून ३० सेकंद हवेत ठेवलेले ६२ टक्के. ६० सेकंद ठेवलेले फक्त २८ टक्के. सगळे मासे इतके नाजूक नसतात, कार्प बरंच सहन करतो, आणि प्रयोगशाळा म्हणजे नदी नव्हे. तरी दिशा कळते. गळ सोडवणं, झोळीत घालणं, काट्यावरचा आकडा स्थिर होण्याची वाट बघणं, मग फोटो. यात मिनिट सहज जातं. त्यातून जबड्यात आकडी अडकवून उभा टांगला, तर आजवर पाण्याने तोलून धरलेलं सगळं शरीर एकट्या जबड्यावर लटकतं.

वजन करणाऱ्यांची बाजूही पोकळ नाही. गळवाल्यांच्या गप्पांत दोन हातांमधलं अंतर दरवर्षी वाढतं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. काटा खोटं बोलत नाही. १९४६ साली कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी पकडलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर आजही सांगितला जातो, तो त्या आकड्यामुळेच. नाहीतर ती नुसती आणखी एक गप्प उरली असती.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक साधा प्रश्न विचारतात. प्रोग्रॅम चालताना काय घडतंय याची नोंद, म्हणजे लॉग, लिहायलाही खर्च येतो. म्हणून कोणी नवा लॉग घातला की सिनियर विचारतो, "हा वाचणार कोण?" वाचणारा नसेल तर तो काढून टाकायचा. माशाच्या वजनालाही हाच प्रश्न विचारावा असं मला वाटतं. फरक एवढाच, की इथे खर्च मासा भरतो.

आणि इथे उत्तर सोपं नाही. बंगळुरूहून शंभरेक किलोमीटरवर कावेरीकाठी गलीबोर नावाचा कॅम्प आहे. तिथे महाशीर पकडून सोडून देत, आणि पकडलेल्या माशांची, त्यांच्या वजनांची वहीत नोंद करत. अभयारण्यातली ही गळमासेमारी २०१२ मध्ये बंद झाली. नंतर संशोधकांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासल्या. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर दर वर्षी कमी सापडत होता, पण सापडणाऱ्यांचं सरासरी वजन मात्र वाढत होतं. ऐकायला बरं वाटतं. अर्थ भयंकर होता: म्हातारे मासे उरले होते, नवी पिल्लं येतच नव्हती. याउलट निळसर परांचा महाशीर संख्येने वाढत होता. हा कावेरीचा नव्हे. त्याची पैदास आपल्या लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात झाली आणि पुढे चांगल्या हेतूनेच तो कावेरीत सोडला गेला. कावेरीचा महाशीर म्हणजे 'टॉर रेमादेवी' ही जात, हे २०१८ साली निश्चित झालं. त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या जातींच्या यादीत गेला.

म्हणजे हौशी लोकांनी केलेल्या वजनांनीच ही साक्ष दिली. मग वजन करावंच का?

माझ्या मते इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. साक्ष दिली ती वहीने. तोच आकडा फोटोखाली कॅप्शन म्हणून पडला असता, तर त्याला लाइक मिळाले असते आणि तो आठवड्यात विसरला गेला असता. दुसरं, वहीला वजनच हवं होतं असंही नाही. जात आणि लांबी लिहिली असती, तरी मोठेच मासे उरलेत हे दिसलं असतं. लांबी मोजायला मासा पाण्याबाहेर काढावा लागत नाही; खुणा केलेली पट्टी पाण्यातच त्याच्या शेजारी धरता येते. जागतिक विक्रम नोंदवणाऱ्या आयजीएफए या संस्थेनेही २०११ पासून लांबीचे विक्रम वेगळे ठेवलेत आणि त्यात मासा जिवंत सोडण्याची अट आहे.

कोणी म्हणेल, गळ टोचलाच आहे, मग मिनिटभराने काय बिघडतं? स्वित्झर्लंडने हा युक्तिवाद उलटा केला. सोडून देण्याच्याच उद्देशाने मासा पकडायला तिथे कायद्याने मनाई आहे. तो प्रश्न रास्त आहे आणि प्रत्येक हौशी गळवाल्याने स्वतःला विचारावा. पण ज्याने गळ टाकायचं ठरवलंय, त्याच्याकडे बचाव एकच उरतो, की मासा धडधाकट परत जातो. काट्यावरचं ते मिनिट नेमका तोच बचाव कमजोर करतं.

म्हणून काटा पिशवीतून काढण्याआधी, हा आकडा कुठल्या वहीत जाणार आणि लांबीवर तिचं भागणार नाही का, हे ठरलेलं असावं. वजनच हवं असेल तर ओली झोळी, आडवा मासा आणि आधीच शून्यावर आणलेला काटा. वहीच नसेल, तर मासा पाण्यातच राहू द्यावा. गळ सोडवावा आणि त्याला जाऊ द्यावं.