पहिला रेटा

आष्टी तालुक्यातल्या एका गावात पोलीस भरतीचं स्वप्न पाहणारा एक पोरगा होता. पहिल्याच पहाटे तो जीव तोडून पाच किलोमीटर पळाला. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या. तिसऱ्या दिवशी त्याने बूट कोपऱ्यात टाकले.

"आबा, हे काय माझं काम नाही," तो आजोबांना म्हणाला.

आबांचं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. दर दिवाळीच्या सुमारास बैलगाडीवर संसार लादायचा आणि कारखान्याची वाट धरायची. ते म्हणाले, "लेका, भरलेली उसाची गाडी फडातल्या मऊ रानात रुतलेली असती. तिथं बैलाला मारून उपयोग नसतो. चाकापुढचं ढेकूळ काढायचं, खाली पाचट टाकायचं, खांदा लावायचा अन् एक रेटा द्यायचा. चाक वीतभर हललं तरी बास. पण हललं की थांबू द्यायचं नाही. सडकेला लागल्यावर तीच गाडी बैलांना हलकी वाटती."

दुसऱ्या दिवशी पोरगा फक्त ओढ्याकाठच्या बाभळीपर्यंत पळाला. मग रोज पन्नास पावलं पुढे. महिन्याने १६०० मीटर पुरे होऊ लागले. पण त्यापुढच्या महिनाभरात वेळ चारच सेकंदांनी घटली. तोंड पाडून तो शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडे गेला.

सरांनी फळ्यावर याच तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचे ३००० मीटर स्टीपलचेसचे आकडे लिहिले. २०१८, भुवनेश्वर : ८ मिनिटे २९.८० सेकंद, १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम इथेच मोडला. २०१९, दोहा : ८ मिनिटे २१.३७ सेकंद. २०२१, टोकियो : ८ मिनिटे १८.१२ सेकंद. २०२२, बर्मिंगहॅम : ८ मिनिटे ११.२० सेकंद. २०२४, पॅरिस : ८ मिनिटे ९.९१ सेकंद.

"सहा वर्षांत किती कमी झाले?"

पोराने वजाबाकी केली. "वीस सेकंदसुद्धा नाहीत, सर."

"शाळेसाठी रोज सहा किलोमीटर तुडवणारा पोरगा हा. एकेक सेकंद खरवडत त्याने राष्ट्रकुलचं रौप्य आणि आशियाई स्पर्धेचं सुवर्ण आणलं. तू महिन्यात चार कमी केलेस आणि रडतोस?"

पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आबांनी कोपऱ्यात पाहिलं, तर बूट जागेवर नव्हते.

तात्पर्य : पहिला रेटा जडच असतो. चाक वीतभर हललं तरी पुरे. फक्त ते थांबू देऊ नये.