थांबलेल्या वल्ह्याचा दोष कोणाचा?

अनेकांच्या बरोबरीने काम करीत असता एखाद्याची शक्ती मध्येच संपली, तर तो अपराधी ठरतो काय? वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. जे करणे शक्यच नव्हते ते केले नाही म्हणून कोणास दोष द्यावा, असे कोणीही सुज्ञ मनुष्य म्हणेल. परंतु 2004 साली अथेन्स येथील ऑलिंपिक क्रीडामहोत्सवात घडलेला एक प्रसंग आठवला, म्हणजे या उत्तराने मनाचे समाधान होत नाही.

आठ वल्ह्यांच्या नौकाशर्यतीची रीत प्रथम सांगितली पाहिजे, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिलेली नसेल. नाव लांब व अतिशय अरुंद असते. तीत आठ जणी एकीमागे एक अशा बसतात, आणि प्रत्येकीच्या हाती एकच वल्हे असते. चौघींचे डावीकडे, चौघींचे उजवीकडे. नववी ती कॉक्स, म्हणजे सुकाणू सांभाळणारी व हुकूम देणारी. अंतर 2000 मीटर, वेळ सुमारे सहा मिनिटे, आणि दर मिनिटास 35 ते 40 वेळा वल्हे पाण्यात पडते. विशेष हे की वल्हवणाऱ्या आठही जणींची पाठ अंतिम रेषेकडे असते. पुढे किती अंतर उरले हे समोर पाहणाऱ्या कॉक्सलाच दिसते. इतरांनी तिच्या शब्दावर विसंबून ओढत राहावयाचे. मध्येच बदली खेळाडू घेण्याची सोय नाही. एकीने हात थांबवला तर तिचे बळ तर जातेच, शिवाय नावेचा ताल बिघडतो, आणि तिच्या देहाचा भार उरलेल्या सातजणींना वाहावा लागतो.

मॅरेथॉनजवळील स्किनियासच्या जलाशयावर ऑगस्ट 2004 मध्ये स्त्रियांच्या या शर्यतीची अंतिम फेरी झाली. शेवटचे काहीशे मीटर उरले असता ऑस्ट्रेलियाच्या नावेतील सॅली रॉबिन्स हिने वल्हवणे थांबवले आणि ती मागे कलंडली. तिच्या मागील सहकारिणीला स्वतःचे वल्हे ओढता ओढता हेही सोसावे लागले. रोमानियाने सुवर्णपदक जिंकले. ऑस्ट्रेलियाची नाव सहावी, म्हणजे शेवटची आली. आपले शरीर पुढे चालेना, असे तिने सांगितले. सहकारिणींचा संताप वार्ताहरांच्या समोरच बाहेर पडला, आणि तिच्या देशातील वृत्तपत्रांनी तिला एक कुचेष्टेचे नाव देऊन टाकले. ते येथे पुन्हा छापण्याचे कारण नाही.

आता दुसरा एक प्रसंग पाहावा. 1908 साली लंडन येथे दोरांदो पिएत्री नावाचा इटालियन धावपटू मॅरेथॉनच्या अखेरीस पुन्हा पुन्हा कोसळला. पंचांनी त्याला आधार देऊन रेषा ओलांडावयास लावली, म्हणून तो बाद ठरला. तरीही लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. राणी अलेक्झांड्राने त्याला चषक दिला. एकाचे कोसळणे हृदयद्रावक ठरले, दुसरीचे संतापजनक. स्त्रीपुरुषभेदाचा काही अंश यात असेलच; 1928 साली ॲम्स्टरडॅमच्या 800 मीटर धावण्याच्या शर्यतीनंतर स्त्रिया थकून पडल्याच्या अतिरंजित वार्ता पसरल्या आणि 1960 पर्यंत ती शर्यत त्यांच्यासाठी ठेवली गेली नाही. नौकाशर्यतीतही 1976 साली स्त्रियांना प्रथम स्थान मिळाले ते अर्ध्या, म्हणजे 1000 मीटर अंतरासाठी. पूर्ण अंतर 1988 पासून. तथापि मुख्य भेद तो नव्हे. पिएत्री एकटा होता. त्याच्या पडण्याने कोणाचे काही गेले नाही. रॉबिन्सबरोबर आठजणींची वर्षानुवर्षांची पहाट बुडाली.

म्हणून त्या संतापाला मी खोटा म्हणणार नाही. ज्यांनी अखेरपर्यंत ओढले त्यांच्या हातांना फोड आले होते, आणि शेजारचे वल्हे थांबलेले होते. अशा वेळी शांत राहा असे काठावरून सांगणे फार स्वस्त आहे. पण राग येणे निराळे आणि दोष सिद्ध होणे निराळे. देहाने नकार दिला की मनाने, याचा निवाडा बाहेरून कोण करणार? ज्याचे त्यालासुद्धा त्या क्षणी ते कळत असेल, अशी खात्री देता येत नाही. अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले तेव्हा त्याच्याशी बोलण्यास सारथी होता, आणि वेळही होता. येथे सारी शर्यतच सहा मिनिटांची.

शिवाय ही दुर्बलता अगदी अनपेक्षित होती असेही नाही. असा प्रसंग तिच्या बाबतीत पूर्वीही एकदा घडला होता, असे त्या वेळी सांगण्यात आले. ते खरे असेल, तर तिला त्या बैठकीवर बसविणाऱ्यांनी काय विचार केला होता? आपली मर्यादा झाकून जागा टिकविणे हा तिचा दोष मानला, तर ती दिसत असता डोळेझाक करणे हा निवडणाऱ्यांचाही दोष मानावा लागेल. त्यांची नावे मात्र कोणी कुचेष्टेने घेतली नाहीत.

आणखी एक गोष्ट. जिंकलेल्या नावेतील नऊजणींना सारखीच पदके मिळतात. कोणी किती जोर लावला याचे मोजमाप होत नाही, आणि हाती वल्हे नसलेल्या कॉक्सलाही सुवर्णच मिळते. यश जर असे अविभाज्य असेल, तर अपयशाच्या वेळीच वाटणी का सुरू व्हावी? यावर कोणी म्हणेल, मग जबाबदारी कोणाचीच उरणार नाही. आक्षेप वजनदार आहे. माझे म्हणणे इतकेच की तो हिशेब नावेतल्या नऊजणींचा आहे. तेथे तो रोखठोक व्हावा, प्रसंगी कठोरही व्हावा. बाजारात मांडण्याची ती वस्तू नव्हे.

रॉबिन्सकडूनही काहीच येणे नव्हते, असे मात्र मला वाटत नाही. रस्त्यात ठेच लागून आपल्या हातून दुसऱ्याची घागर फुटली, तर आपण अपराधी नसतो, तरी खाली वाकून खापऱ्या गोळा करतो, आणि मनापासून वाईट वाटले असे सांगतो. ही खंत म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. पण ज्याच्या कानी आधीच कुचेष्टा पडली आहे, त्याच्या तोंडून ती निघणे फार कठीण होऊन बसते. काही बोलावे तर तो कबुलीजबाब ठरतो, न बोलावे तर निगरगट्टपणा. त्या आठवड्यात तिच्यापुढे नेमका हाच पेच लोकांनी उभा केला होता.