आपल्यापुरती सोय

न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनाल नावाची वस्ती होती. 1978 साली तिथल्या लोइस गिब्ज या सत्तावीस वर्षांच्या गृहिणीने एवढंच मागितलं, की माझ्या मुलाला दुसऱ्या शाळेत घाला. शाळा सुरू झाल्यापासून त्याला फिट्स येत होत्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. आणि शाळेला लागूनच जमिनीच्या पोटात हुकर केमिकल कंपनीने सुमारे 21,000 टन रासायनिक कचरा पुरलाय, हे तिने पेपरात वाचलं होतं. कंपनीने 1953 मध्ये ती जागा शिक्षण मंडळाला एका डॉलरला विकली. पुढे काही झालं तर आमची जबाबदारी नाही, असं खरेदीखतात घालून. एका डॉलरच्या व्यवहारात एवढी दूरदृष्टी!

तिची मागणी फेटाळली गेली. एका मुलाला हलवलं तर शाळा सगळ्यांनाच घातक आहे हे कबूल केल्यासारखं होईल, असं कारण. मला या सगळ्या हकिकतीत हा नकारच मोलाचा वाटतो. तेव्हा होकार मिळाला असता, तर आई मुलाचं बोट धरून नव्या शाळेत गेली असती आणि लव्ह कॅनालचं काय व्हायचं ते झालं असतं. तिने मागितली होती ती फक्त आपल्यापुरती सोय. आपण कोणीही तेच मागितलं असतं.

मग ती सह्या गोळा करायला निघाली. स्वभाव बुजरा. पहिलं दार वाजवलं, आतून कोणी आलं नाही, तशी ही घराकडे पळत सुटली. पुन्हा उंबरठा ओलांडायला काही दिवस गेले. नंतर मात्र दारोदारी आजारपणंच ऐकू येऊ लागली. तिने ती नकाशावर मांडली. बेव्हर्ली पेगन या शास्त्रज्ञ बाईंच्या मदतीने दिसलं, की बुजवलेल्या जुन्या ओढ्यांच्या वाटेवरच्या घरांत आजार जास्त आहेत. सरकारी अधिकाऱ्यांनी ते गृहिणींचं निरुपयोगी काम म्हणून बाजूला सारलं. पण आधी काही कुटुंबं हलवली गेली, 1980 मध्ये उरलेल्यांनाही तिथून हलवण्याचा निर्णय झाला, आणि त्याच वर्षी विषारी जागा साफ करण्याचा सुपरफंड कायदा आला.

आता तिला थांबता आलं असतं. मुलगा त्या जागेतून बाहेर पडला होता. पण 1981 मध्ये दोन मुलांना घेऊन ती वॉशिंग्टनजवळ आली आणि अशाच वस्त्यांना मदत करणारी संस्था काढली. तेच तिचं आयुष्यभराचं काम झालं.

आजारपण माणसाला मोठं करतं, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. माझा अनुभव वेगळा आहे. आजारपणात माणूस आधी स्वतःच्या घरापुरता उरतो. पाणी खराब, फिल्टर बसवा. हवा खराब, एअर प्युरिफायर आणा. ज्याला परवडतं त्याला रोज 'हो' मिळत राहतं, आणि शेजारचं दार वाजवायची वेळच येत नाही.

आमच्या इमारतीमागे रात्री कचरा जाळतात. परवाही घसा खवखवायला लागला तसा उठलो आणि खिडकी लावली. कडी घालतोय तोच वरच्या मजल्यावरची खिडकी लागल्याचा आवाज आला, मग त्याच्या शेजारची.